हाती काय धरायचे? : घरच्या कन्सोलवर विमान उडवू पाहणाऱ्यांसाठी

नकाशावर अहमदाबादच्या विमानतळापासून मुंबईतल्या जुहूपर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती खंबातच्या आखातावरून दमणच्या समोरून खाली येते आणि पालघर जिल्ह्यात वाणगावच्या आसपासच्या शेतांवरून पुढे जाते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले, अहमदाबादला उतरून पेट्रोल भरले आणि दुपारी जुहूला पोहोचले. त्यांचे विमान पस मॉथ, म्हणजे एका इंजिनाचे, वर पंख असलेले छोटे यंत्र होते. सोबत रेडिओ नव्हता. दोन गुडघ्यांमध्ये एक दांडी, पायांखाली नाक डावी-उजवीकडे फिरवणारे रडर, डाव्या हाताशी इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल आणि खिडकीतून दिसणारा किनारा, एवढ्या भांडवलावर त्या दिवशी भारतातल्या टाटांच्या हवाई टपालसेवेला सुरुवात झाली.

आज वाणगावातल्या घरात टीव्हीसमोर बसून तोच आकाशमार्ग उडता येतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर जुलै 2021 मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस या कन्सोलवर आला. त्याची 2024 ची आवृत्ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आली आणि डिसेंबर 2025 मध्ये ती प्लेस्टेशन 5 वरही पोहोचली. उपग्रहचित्रांच्या आधारे उभ्या केलेल्या पृथ्वीवर वैतरणेचे मुख दिसते, सातपाटीची वस्ती दिसते, डहाणूची खाडीही दिसते. प्रश्न उरतो तो हाताचा. पडद्यावरचे विमान कशाने उडवायचे? कन्सोलसोबत मिळालेल्या कंट्रोलरने, जॉयस्टिकने, योकने म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या चाकाने, की पायांखाली पेडल ठेवून?

याच प्रश्नाचे उत्तर शोधायला मदत करावी, हा पुढच्या पानांचा हेतू आहे. बाजारातल्या वस्तूंची यादी कुणीही देऊ शकतो. ती यादी वर्षभरात जुनी होते. टिकते ते कारण: एखादे साधन अमुकच प्रकारे का घडवले आहे, ते कोणत्या विमानाशी जुळते आणि आपल्या कन्सोलला ते का चालते किंवा का चालत नाही. म्हणून इथे एक भूमिका ठामपणे घेतली आहे. आधी विमान ठरवावे, मग कन्सोलची अट तपासावी, मग घरातली जागा मोजावी आणि पैशांचा हिशेब शेवटी करावा. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात. आधी किंमत आणि चकचकीत फोटो पाहतात, आणि आठवड्याभरात खोके माळ्यावर जाते.

जमिनीवर बसून उडण्याचा सराव करण्याची कल्पना व्हिडिओ गेमपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे चामड्याचे भाते आणि हवेचे पंप वापरून लिंकने 1929 मध्ये एक छोटे खोटे विमान बनवले. शिकाऊ वैमानिक आत बसून दांडी हलवी आणि भात्यांच्या जोरावर तो डबा कले, पुढे झुके, फिरे. सुरुवातीला जत्रेतल्या करमणुकीपलीकडे त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. 1934 मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम आले. धुके, ढग, हिवाळा आणि फक्त उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसणे यांमुळे एकामागून एक विमाने कोसळली आणि वैमानिक मेले. त्यानंतर लष्कराने लिंकची यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या लाखो वैमानिकांनी त्या डब्यांत बसून सराव केला. टपालाच्या थैल्यांनीच इकडे जुहूला विमानसेवा दिली आणि तिकडे सिम्युलेटरला मान मिळवून दिला.

वाणगाव-बोईसर पट्ट्यातल्या माणसांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्र 1969 पासून या किनाऱ्यावर चालू आहे. अणुभट्टीच्या नियंत्रणकक्षात बसणाऱ्यांना आधी हुबेहूब तशाच पॅनेलच्या सिम्युलेटरवर तालीम दिली जाते, कारण पंप बंद पडणे किंवा वीज जाणे यांसारखे प्रसंग खऱ्या भट्टीवर मुद्दाम घडवून शिकवता येत नाहीत. त्या सिम्युलेटरचे सारे महत्त्व एका गोष्टीवर उभे असते: तिथली मूठ आणि बटण खऱ्या जागी, खऱ्या मापाचे आणि खऱ्यासारखे वागणारे असले पाहिजे. हाताला चुकीची सवय लागली तर तालमीचा उपयोग होत नाही. घरातल्या कॉकपिटचे प्रमाण लहान असले तरी कसोटी हीच आहे.

विमानाच्या हालचाली तीन. एक पंख खाली आणि दुसरा वर जाऊन ते कुशीवर कलते, त्याला रोल म्हणतात. नाक वर-खाली होणे म्हणजे पिच. नाक सपाट पातळीत डावी-उजवीकडे फिरणे म्हणजे यॉ. चौथी गोष्ट इंजिनाची ताकद. या चारही गोष्टी थोड्या-थोड्या, सलग बदलत्या प्रमाणात देता आल्या पाहिजेत. नुसते चालू-बंद करणारे बटण तिथे अपुरे पडते. कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळे सोपा आहे: या चारांपैकी किती हालचाली त्यावर सलग देता येतात, आणि उरलेल्या कुठे जातात?

कन्सोलच्या नेहमीच्या कंट्रोलरला हा प्रश्न विचारून पाहावा. एक्सबॉक्सवर मूळ मांडणीत डाव्या अंगठ्याखालची काडी रोल आणि पिच देते, उजवी काडी आजूबाजूला पाहायला लागते, मागचे दोन ट्रिगर रडर चालवतात आणि इंजिनाची ताकद मात्र बटण दाबून वाढवावी-घटवावी लागते. म्हणजे तीन हालचाली सलग मिळतात, चौथी टप्प्याटप्प्याने. हे वाईट नाही. नवख्या माणसाने पहिले काही आठवडे याच कंट्रोलरवर उडावे, असे इथे आग्रहाने सुचवले आहे. काही खर्च न करता आपल्याला सेस्ना आवडते की एअरबस, लांबचा प्रवास आवडतो की डोंगरातली छोटी धावपट्टी, हे तेवढ्यात कळते. अडचण येते ती काडीच्या आकाराची. तिचा पूर्ण प्रवास अंगठ्याच्या पेरापेक्षाही कमी असतो. खऱ्या सेस्ना 172 मध्ये योक छातीकडे ओढताना हात वीतभर मागे येतो. ती सगळी हालचाल एवढ्याशा अंतरात कोंबली की अंगठा किंचित जास्त हलला तरी नाक आभाळाकडे जाते. उतरताना शेवटच्या दहा मीटर उंचीवर हा फरक प्रकर्षाने जाणवतो.

तो थोडा कमी करता येतो. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलतेचा आलेख असतो. मध्याच्या आसपास तो सपाट केला, की काडी थोडी हलली तरी विमान फार हलत नाही आणि टोकाला नेली की पूर्ण परिणाम मिळतो. शेजारीच निष्क्रिय पट्ट्याची सेटिंग असते. जुन्या काडीला मधोमध स्थिर राहता येत नसेल, तर हा पट्टा जरा रुंद करायचा. महागडी स्टिक घेण्याआधी या दोन सेटिंगवर एक संध्याकाळ घालवावी. पुष्कळांचे समाधान तिथेच होते.

होत नसेल, तर विमान ठरवायची वेळ आली. सौदामिनी देशमुख यांची कारकीर्द इथे मार्गदर्शक ठरते. 1985 मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप विमानाचे पूर्णपणे महिलांच्या चमूने उड्डाण झाले, त्याच्या त्या कॅप्टन होत्या. पुढे त्यांनी बोइंग 737 आणि एअरबस ए 320 या विमानांचेही नेतृत्व केले. फोकर आणि बोइंगमध्ये वैमानिकासमोर योक असतो: पुढे-मागे सरकणारा, चाकासारखा फिरणारा, दोन्ही हातांनी धरता येणारा. ए 320 मध्ये समोर काहीच नसते. कॅप्टनच्या डाव्या हाताशी, बाजूच्या कप्प्यावर एक आखूड दांडी असते. फेब्रुवारी 1987 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानाने वैमानिकाच्या हाताचा आणि पंखाच्या पात्याचा थेट दोर-कप्प्यांचा संबंध तोडला आणि मध्ये संगणक आणला. एकाच माणसाला एका कारकिर्दीत हाताची सवय बदलावी लागते, इतका तो फरक मोठा आहे.

घरी निवड करताना हा फरक उपयोगी पडतो. सेस्ना 172, बीचक्राफ्ट, बोइंग 737 किंवा 747 यांच्यात रमणाऱ्याने योककडे पाहावे. एक्सबॉक्ससाठी टर्टल बीचचा व्हेलॉसिटीवन फ्लाइट, थ्रस्टमास्टरचा टीसीए योक बोइंग एडिशन आणि हनीकोंबच्या अल्फा योकची एक्सबॉक्सला चालणारी आवृत्ती, अशी त्यातली ओळखीची नावे आहेत. एअरबसमध्ये रमणाऱ्याला मात्र साधी, स्प्रिंगने आपोआप मधोमध येणारी दांडी खऱ्याच्या जास्त जवळ नेते, कारण ए 320 ची दांडीही सोडली की मध्यावर येते आणि विमान आहे त्या स्थितीत राहते. थ्रस्टमास्टरच्या एअरबस एडिशनची साइडस्टिक याच आकाराची आहे. तिचे काही भाग बदलून ती डाव्या हातालाही बसवता येते. डावखुऱ्यांनी आणि कॅप्टनच्या जागी बसू इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कमी किमतीतली साधी स्टिक काही विमानांना योकपेक्षा अधिक प्रामाणिक ठरते, हे कळले की पुष्कळ पैसे वाचतात.

योकच्या बाबतीत एक बारकावा खोक्यावर लिहिलेला नसतो. खऱ्या सेस्नात वेग वाढला की योक हाताला जड लागतो, वेग उतरला की सैल पडतो. नाक वर धरून ठेवायला सतत जोर लावावा लागत असेल तर वैमानिक ट्रिमचे चाक फिरवतो आणि तो जोर नाहीसा होतो. योक त्या नव्या जागीच हलका होऊन थांबतो. घरच्या योकमध्ये स्प्रिंग असते. तिला वेग कळत नाही आणि ती नेहमी त्याच एका मध्याकडे परतते. म्हणून घरी ट्रिम देताना एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताने योक हळूहळू सैल सोडत मध्यावर आणावा लागतो. ही युक्ती ठाऊक नसली की विमान सारखे वर-खाली डुलत राहते आणि दोष साधनाला दिला जातो. ज्या योकवर ट्रिमचे वेगळे चाक आहे, तो या कामाला खूपच सोयीचा पडतो.

लढाऊ विमानांची वाट वेगळी. डाव्या हातात थ्रॉटल, उजव्या हातात दांडी आणि दोन्हींवर इतकी बटणे की हात न उचलता सारे काही करता यावे, अशा जोडीला होटास म्हणतात. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग 21 बांधले गेले, नंतर सुखोई 30 एमकेआय बांधले गेले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिथून तेजस मार्क 1ए उडाले. वेगवान वळणे घेताना वैमानिकाच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. अशा वेळी हात उचलून समोरचे बटण शोधणे अवघड असते, म्हणून मुठीवरच बटणे बसवण्याची पद्धत रूढ झाली. घरी भार येत नाही, पण सोय तीच राहते. थ्रस्टमास्टरचा टी फ्लाइट होटास वन एक्सबॉक्ससाठी आणि होटास 4 प्लेस्टेशनसाठी, ही या प्रकारातली सर्वांत परवडणारी जोडी आहे. दांडीला पीळ दिला की रडर चालते, थ्रॉटलची मूठ सलग सरकते. म्हणजे चारही हालचाली एका खोक्यात येतात. सेस्नासाठीही ती पुरेशी आहे. कोणते विमान आवडते हे ज्याला अजून ठरवता येत नाही, त्याने इथून सुरुवात करावी.

आता रडर. घरच्या वैमानिकांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष याचेच होते. सातपाटीचा किंवा डहाणूचा तांडेल बोट वळवायला सुकाणू फिरवतो, म्हणून विमानही रडरनेच वळत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण विमान वळते ते पंख कलवून. रडरचे काम नाक वळणाच्या दिशेला नीट जुळवून ठेवणे आणि धावपट्टीवर विमान सरळ धरणे हे असते. एका इंजिनाच्या बहुतेक अमेरिकी बनावटीच्या विमानांत पूर्ण ताकद दिली की पंख्याच्या फिरण्यामुळे नाक डावीकडे ओढले जाते. उड्डाण घेताना उजव्या पायाने दाब देऊन ते सरळ ठेवावे लागते. सिम्युलेटरमधली मदतीची सेटिंग चालू असेल तर हे काम यंत्र परस्पर करते, आणि म्हणून पेडलची गरजच काय असे वाटते. ती मदत बंद करून एकदा उड्डाण घ्यावे. विमान धावपट्टीच्या डाव्या कडेला सरकू लागले की उत्तर मिळते.

पेडल सगळ्यांनाच हवेत असे नाही. पीळ देणारी दांडी किंवा योकच्या मुठीवरचे ट्रिगर पुष्कळ काळ पुरतात. पेडल घ्यायचेच, तर कन्सोलची अट आधी वाचावी. एक्सबॉक्समध्ये परवाना मिळालेल्या साधनांनाच प्रवेश आहे. त्यांच्यात ओळख पटवणारी सोय मुळातच बसवलेली असते आणि ती नसलेले साधन जोडले तरी कन्सोल त्याकडे पाहतही नाही. संगणकासाठी वर्षानुवर्षे खपलेला लॉजिटेकचा योक त्यामुळे एक्सबॉक्सवर निरुपयोगी ठरतो. प्लेस्टेशनचे दार निराळे आहे. एक्सबॉक्ससाठीची स्टिक तिथे चालत नाही. यूएसबीची खाच सारखी दिसते म्हणून साधन चालेल, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. पेडलच्या बाबतीत अट आणखी कडक आहे: कन्सोलवर ते सहसा थेट न जोडता परवाना असलेल्या स्टिकला किंवा योकला जोडावे लागतात. टी फ्लाइट होटास वनच्या मागे टेलिफोनच्या वायरसारखी एक खाच असते. थ्रस्टमास्टरचे टीएफआरपी पेडल तिथे जोडले की कन्सोलला ते स्टिकचाच भाग वाटतात. म्हणून स्टिक एका कंपनीची आणि पेडल दुसऱ्याच कंपनीचे घेण्याचा विचार कन्सोलवाल्याने सहसा करू नये.

दुकानात जाऊन हाताळून पाहण्याची सोय या भागात फारशी नाही. बोईसर आणि पालघरच्या बाजारात मोबाइल, टीव्ही, संगणक सगळे मिळते. योक मात्र मागवावाच लागतो. म्हणून मागवण्याआधी तीन गोष्टींची खात्री करावी. खोक्यावर आपल्या कन्सोलचे नाव स्पष्ट छापलेले आहे का? हमी भारतात लागू आहे का? आणि परत करण्याची मुदत किती? परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या साधनाची हमी अनेकदा त्याच देशापुरती असते. जुने साधन घेत असाल तर विकणाऱ्याला ते जोडून सेटिंगच्या पडद्यावर दाखवायला सांगावे. दांडी सोडल्यावर पडद्यावरची रेघ मधोमध स्थिर राहते की थरथरते, हे दोन मिनिटांत कळते.

ती थरथर कशी येते हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. स्वस्त स्टिकमध्ये हालचाल मोजायला पोटेन्शियोमीटर असतात. त्यांत एक पातळ पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा संपर्क असतो. धूळ, दमटपणा आणि झीज यांनी तो संपर्क बिघडतो आणि स्थिर हातातही विमान अचानक झटका खाते. हॉल सेन्सर असलेल्या साधनात चुंबक आणि त्याचे क्षेत्र मोजणारा छोटा घटक असतो. दोघांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही, त्यामुळे घासून झिजण्यासारखे काही उरत नाही. एअरबस एडिशनच्या साइडस्टिकमध्ये अशी चुंबकीय रचना आहे. खाऱ्या वाऱ्याच्या आणि चार महिने ओल धरणाऱ्या या पट्ट्यात थोडे जास्त पैसे देऊन असे साधन घेणे शहाणपणाचे आहे. कोणतेही साधन घेतले तरी वापर झाला की कापड टाकून झाकावे आणि पावसाळ्यात बंद खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे.

मग येते जागा. योक टेबलाच्या कडेला पकडीने आवळावा लागतो, आणि फळी फार जाड असली किंवा कडेला नक्षी असली की पकड बसत नाही. टेबल उंच असेल तर खांदे दुखतात. पेडल गुळगुळीत लादीवर मागे सरकतात. टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला असतो आणि मान वर करून तासभर उडता येत नाही. हे सगळे प्रश्न सुताराच्या आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या आवाक्यातले आहेत, आणि तारापूर औद्योगिक वसाहतीच्या अंगणात लोखंड कापून वेल्डिंग करून देणाऱ्यांची वाण नाही. खुर्चीच्या पुढच्या पायांना अडणारी एक फळी, तिच्यावर स्क्रूने बसवलेले पेडल आणि मांडीच्या उंचीवर योक धरणारी चौकट एवढे केले, तरी महागड्या तयार स्टँडची गरज उरत नाही. साधनाच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक भागाला हात लावून मात्र कन्सोलवर काही साधत नाही. संगणकावर घरी बनवलेली पॅनेल चालतात, कन्सोल ती ओळखत नाही. हातची कारागिरी इथे चौकटीपुरती ठेवावी.

कारागिरी कुठवर जाऊ शकते याचे उदाहरण मात्र या जिल्ह्याशी जोडलेले आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिले, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली आणि 2018 मध्ये राज्य सरकारने विमाननिर्मितीसाठी पालघर जिल्ह्यात जागा देण्याचा करार केला. विमानाच्या उड्डाणचाचण्या 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. गच्चीवरून धावपट्टीपर्यंत जायला वर्षे लागली, कागदपत्रे लागली आणि चिकाटी लागली. घरातला सिम्युलेटर त्या वाटेवरचा नाही, पण विमान आपल्या हातांनी समजून घेण्याची ओढ तीच आहे.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. कन्सोलवर घालवलेले तास वैमानिकाच्या परवान्यात धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्यासाठी खऱ्या विमानात 200 तास उडावे लागते, आणि त्यासाठी गोंदिया, बारामती, धुळे अशा ठिकाणच्या प्रशिक्षणसंस्थांची पायरी चढावी लागते. बारावीत शिकणाऱ्या आणि वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी योकची किंमत फीच्या खात्यात धरू नये. उपयोग नाही असे मात्र नाही. कोणते उपकरण कुठे असते, वेग कमी झाला की नाक का खाली जाते, नकाशावरून खाली दिसणारी नदी कशी ओळखायची, हे सगळे आधीच डोळ्याखालून गेलेले असते. जपायचे ते एका सवयीला: घरचा वैमानिक आकडे दाखवणाऱ्या तबकड्यांकडेच पाहत बसतो, आणि खऱ्या छोट्या विमानात शिक्षक पहिल्याच दिवशी बाहेर क्षितिजाकडे पाहायला सांगतो. सिम्युलेटरवरही काही उड्डाणे तबकड्या झाकून करावीत.

आणखी एका वाचकाचा विचार पुढच्या पानांत मुद्दाम केला आहे. ज्याचा एक हात चालत नाही किंवा ज्याच्या बोटांत पकड नाही, त्याने हा छंद आपल्यासाठी नाही असे मानू नये. मायक्रोसॉफ्टचा 2018 मध्ये आलेला अडॅप्टिव्ह कंट्रोलर मोठ्या बटणांचा आहे आणि त्याला वेगवेगळी बटणे, स्विच, पायाने दाबायच्या कळा जोडता येतात. रडर कोपराने आणि थ्रॉटल गुडघ्याने चालवण्याची मांडणी करता येते. विमानाला हुकूम कुठल्या अवयवाने दिला याने काही बिघडत नाही.

साधन घरी आल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यायची, यासाठी एक मार्ग सुचवला आहे: सेस्ना 172 घेऊन जुहूहून दमण. अंतर सुमारे 150 किलोमीटर, वेळ पाऊण तास. जुहूच्या पूर्व-पश्चिम धावपट्टीवरून समुद्राकडे उड्डाण घ्यायचे. इथे उजव्या पायाचे काम तपासले जाते. मग उजवीकडे सौम्य वळण घेऊन किनारा उजव्या हाताला धरायचा. इथे रोल आणि रडर यांचा मेळ दिसतो. वसईची खाडी, वैतरणेचे मुख, केळवे-माहीम, सातपाटी, चिंचणी-तारापूर या खुणा एकामागून एक ओलांडताना उंची स्थिर ठेवायची. इथे ट्रिमची परीक्षा होते. डहाणूच्या पुढे उतरायची तयारी सुरू करायची आणि थ्रॉटल थोडा-थोडा मागे घ्यायचा; तो सलग सरकतो की अडखळतो हे लगेच कळते. दमणची मुख्य धावपट्टी ईशान्य-नैऋत्य आहे. हवामानात दुपारचा पश्चिमेचा वारा निवडला आणि नैऋत्येकडे तोंड करून उतरायला गेले, तर तो उजव्या बाजूने तिरका येतो. उजवा पंख किंचित खाली आणि डावा पाय किंचित पुढे, अशा परस्परविरुद्ध दाबाने विमान सरळ रेषेत धरावे लागते. नव्या साधनाची खरी किंमत या शेवटच्या अर्ध्या मिनिटात समजते. तिथे हात अडखळला तर दोष लगेच साधनाला देऊ नये. तेच उड्डाण आधी जुन्या कंट्रोलरवर आणि मग नव्या साधनावर, त्याच वाऱ्यात करून पाहावे. परत करण्याची मुदत संपण्याआधी ही तुलना करावी.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. पहिल्यात कंट्रोलरच्या सेटिंग आहेत, दुसऱ्यात स्टिक आणि होटास, तिसऱ्यात योक आणि ट्रिम, चौथ्यात पेडल आणि कन्सोलच्या जोडणीच्या अटी, पाचव्यात चौकट, खुर्ची आणि टीव्हीची उंची. ज्याच्याकडे अजून काहीच साधन नाही त्याने पहिल्यापासून वाचावे. ज्याने योक मागवून ठेवला आहे आणि खोके अजून उघडलेले नाही, त्याने आधी चौथे प्रकरण उघडून आपल्या कन्सोलचे नाव खोक्यावर आहे का, ते पाहावे.